मुक्कामापुरते इंग्रजी

आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी माणसाला भाषांची वानवा कधीच नव्हती. घरात मराठी, बाजारात तेलुगू, मोंढ्यात आणि कचेरीत मुरलेली दखनी, आणि आठवडी बाजाराला डोंगरातून उतरणाऱ्या गोंड-कोलाम बांधवांशी बोलण्यापुरती चार शब्दांची गोंडी, एवढी शिदोरी इथल्या बेला, जैनथ, तांसी या भागांतील साध्या शेतकऱ्याजवळही असते. निजामी अमदानीत ज्यांची शाळा झाली, त्यांनी उर्दूतून गणिते सोडविली आणि मराठीतून पोथ्या वाचल्या. 1948 साली ते राज्य गेले. 1956 च्या पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे या जिल्ह्याचे तालुके तिकडच्या राज्यात गेले आणि आपण पैनगंगेच्या या काठी राहिलो. 2014 साली तेलंगण झाले, 11 ऑक्टोबर 2016 रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा अनेकदा हलल्या. आपल्या जिभेने मात्र प्रत्येक वेळी नवी सोयरीक जमवून घेतली.

असे असूनही एक ठिकाण असे आहे की जिथे ही बहुभाषी जीभ टाळ्याला चिकटते. ते ठिकाण म्हणजे शहरातील हॉटेलचा काउंटर. गुळगुळीत फरशी, थंडगार हवा, टाय लावलेला तरुण आणि त्याच्या तोंडून आलेले पहिलेच इंग्रजी वाक्य. बाजारात तीन भाषांतून घासाघीस करणारा गृहस्थ तिथे मुकाट्याने मुलाकडे किंवा नातवाकडे पाहू लागतो.

पूर्वी अशा प्रसंगाची वारंवारता कमी होती. आता तसे राहिले नाही. आदिलाबादला 2008 पासून रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. तरी मोठ्या दुखण्यासाठी सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या हैदराबादला निम्स, उस्मानिया किंवा गांधी रुग्णालयात, नाहीतर नागपूर-सेवाग्रामला जावेच लागते. मुलांच्या प्रवेशपरीक्षा, पुण्या-बंगळूरची लग्ने, हैदराबादच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासातील व्हिसाची मुलाखत, आणि मग मुलीच्या बाळंतपणासाठी थेट परदेश. या साऱ्या प्रवासांत मुक्काम आलाच. म्हणून मुक्कामापुरते इंग्रजी कसे व किती लागते, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत. शेवटी, ते कुठे लागत नाही हेही सांगू; कारण तेही तितकेच महत्त्वाचे आहे.

शब्द ओळखीचे, अर्थ अनोळखी

पहिली अडचण खुद्द ‘हॉटेल’ या शब्दाची. आपल्याकडे हॉटेल म्हटले की चहा, भजी आणि मिसळ डोळ्यांसमोर येते. राहायचे असेल तर आपण ‘लॉज’ म्हणतो, आणि जुनी माणसे मुसाफिरखाना, धर्मशाळा किंवा डाकबंगला म्हणतात. इंग्रजीत मात्र हॉटेल म्हणजे मुख्यतः उतरण्याची जागा. नुसत्या खाण्याच्या जागेला रेस्टॉरंट म्हणतात. परदेशात ‘व्हेअर इज अ गुड हॉटेल?’ असे विचारले, तर भुकेल्या माणसाला खोलीचे भाडे ऐकावे लागेल.

हॉटेल, होस्टेल, हॉस्पिटल आणि होस्ट हे चारही शब्द एकाच लॅटिन मुळातून आले आहेत, आणि त्या मुळाचा अर्थ यजमान किंवा पाहुणा असा आहे. रुग्णालयासाठी शहरात गेलेले आपले कुटुंब रुग्णालयाशेजारच्या लॉजमध्ये उतरते, तेव्हा ते या दोन जुन्या भावंडांच्या घरांतच ये-जा करीत असते म्हणा ना! ‘लॉजिंग-बोर्डिंग’ या जोडशब्दातील बोर्ड म्हणजे मुळात फळी. फळीवर जेवण वाढले जाई म्हणून बोर्डचा अर्थ जेवण झाला. ‘लॉजिंग ओन्ली’ अशी पाटी दिसली की समजावे, इथे फक्त पाठ टेकता येईल. पोटाची सोय बाहेर पाहावी लागेल.

‘टिफिन’ची तऱ्हा आणखी वेगळी. मराठीत टिफिन म्हणजे डबा. तेलुगू मुलखात ‘टिफिन’ म्हणजे इडली, डोसा, वडा, उपमा. ‘टिफिन इज रेडी’ असे कोणी म्हटले तर डबा भरून मिळेल असे समजू नये. दुपारच्या जेवणाला तिथे ‘मील्स’ म्हणतात. ‘फुल मील्स’ म्हणजे पोटभर, पुन्हा पुन्हा वाढणारे ताट. ‘लिमिटेड मील्स’ म्हणजे ठरावीक वाढप. आणि ‘मेस’ म्हणजे आपली खाणावळ.

निघण्यापूर्वी

खोली आधी ठरविण्याला ‘बुकिंग’ किंवा ‘रिझर्व्हेशन’ म्हणतात. फोनवर एवढे सांगितले तरी पुरते: ‘आय नीड अ डबल रूम फॉर टू नाइट्स, फ्रॉम द टेन्थ.’ इथे दिवस न मोजता रात्री मोजायच्या, हे ध्यानात ठेवावे. दहा तारखेला जाऊन बारा तारखेला निघणाऱ्याचा मुक्काम तीन दिवसांचा वाटतो. पण हॉटेलच्या हिशेबी त्या दोनच रात्री होतात.

‘डबल रूम’मध्ये एक मोठा पलंग असतो, ‘ट्विन’मध्ये दोन स्वतंत्र. सासूबाई आणि सून, किंवा दोन व्याही एकत्र जात असतील, तर ‘ट्विन बेड्स, प्लीज’ असे आधीच सांगितलेले बरे. तिसऱ्या माणसासाठी ‘एक्स्ट्रा बेड’ मागावा. त्याला वेगळे पैसे पडतात आणि पुष्कळदा तो पलंग नसून जमिनीवरची गादी असते. गुडघे दुखणाऱ्यांनी ‘ग्राउंड फ्लोअर’ची खोली मागावी किंवा ‘इज देअर अ लिफ्ट?’ असे विचारावे. न्हाणीघर कसे आहे तेही विचारावे. ‘वेस्टर्न’ की ‘इंडियन’, हा प्रश्न विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. वृद्धांच्या मुक्कामाचे अर्धे सुखदुःख या एका उत्तरावर ठरते.

दरपत्रकात काही ठिकाणी खुणेची अक्षरे असतात. ‘ईपी’, म्हणजे युरोपियन प्लॅन, यात फक्त खोली. ‘सीपी’, म्हणजे कॉन्टिनेन्टल प्लॅन, यात खोली आणि सकाळची न्याहारी. ‘एमएपी’ म्हणजे न्याहारी व एक जेवण. ‘एपी’, म्हणजे अमेरिकन प्लॅन, यात न्याहारी आणि दोन्ही जेवणे. फोनवर साधा प्रश्न विचारावा: ‘इज ब्रेकफास्ट इन्क्लूडेड?’

आदिलाबादहून रात्रीच्या बसने निघालेला प्रवासी हैदराबादला पहाटे पोचतो. अशा वेळी ‘चेकआउट’ची पद्धत जाणून घेणे फार अगत्याचे. ‘ट्वेन्टीफोर अवर्स चेकआउट’ असेल, तर पहाटे पाचला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत आपली. ‘ट्वेल्व्ह नून चेकआउट’ असेल, तर दिवस दुपारी बाराला उलटतो, आणि पहाटे पाचला खोली हवी म्हटले की आदल्या रात्रीचेही भाडे मागितले जाऊ शकते. म्हणून आधीच विचारावे: ‘वी विल अराइव्ह ॲट फाइव्ह इन द मॉर्निंग. इज देअर एनी एक्स्ट्रा चार्ज?’ हे एक वाक्य पाठ असले, तर पहाटेच्या थकव्यात होणारा वाद टळतो.

काउंटरवर

संध्याकाळी सातला गेलो तरी अभिवादन ‘गुड ईव्हनिंग’ असेच करावे. ‘गुड नाईट’ हा निरोप आहे. आल्या आल्या तो म्हटला, तर आपण झोपायला निघालो असा अर्थ होतो. नमस्कार केला तरी चालतो, आणि तो आमच्या मते सर्वांत शोभून दिसतो.

‘आय हॅव अ बुकिंग इन द नेम ऑफ...’ असे म्हणून नाव सांगावे. मग ‘आयडी प्रूफ’ मागतात. आधार कार्डाची नक्कल द्यायची असेल तर पहिले आठ आकडे झाकलेले, फक्त शेवटचे चार दिसणारे ‘मास्क्ड आधार’ देता येते. परदेशी पासपोर्ट असलेला नातू बरोबर असेल, तर त्याचा पासपोर्ट मागितला जाईल. अशा पाहुण्याची माहिती हॉटेलवाल्याला चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. त्यात संशयाचा भाग नाही. मूळ कागद मात्र परत मागून घ्यावा: ‘कॅन आय हॅव माय कार्ड बॅक, प्लीज?’

पैसे भरण्यापूर्वी खोली पाहण्याचा आपला हक्क आहे. ‘मे आय सी द रूम फर्स्ट?’ असे निःसंकोच म्हणावे. खोली पाहताना नळ सोडून, पंखा लावून आणि आतली कडी लावून पाहावी. ‘ॲडव्हान्स’ आणि ‘डिपॉझिट’ यांत फरक आहे: पहिला भाड्यात वळता होतो, दुसरा निघताना परत मिळतो. दोन्हींची पावती घ्यावी.

मागण्याची रीत

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या पिढ्यान्‌पिढ्या वाढल्या. वाक्य मराठीत जुळवायचे आणि मग शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी करायचे, ही सवय हाडीमांसी खिळली आहे. व्याकरण समजून घ्यायला ती चांगली. पण हॉटेलात ती एक घोटाळा करते. आपण ‘पाणी द्या’ म्हणतो, तेव्हा ‘द्या’ या रूपातच अदब असते. ‘दे’ आणि ‘द्या’ यांतले अंतर मराठी कान लगेच ओळखतो. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही. तिथे तू, तुम्ही आणि आपण या तिघांनाही एकच ‘यू’. त्यामुळे ‘द्या’चे भाषांतर ‘गिव्ह मी वॉटर’ असे केले की आपल्या मनातली अदब वाटेतच गळून पडते आणि समोरच्याला हुकूम ऐकू येतो. इंग्रजीने तो आदर ‘प्लीज’, ‘कुड’ आणि ‘मे’ या छोट्या शब्दांत ठेवला आहे. ते शब्द शोभेचे नाहीत. आपल्या ‘द्या’मधल्या ‘या’चे काम ते करतात.

म्हणून शंभर वाक्ये पाठ करण्यापेक्षा चार साचे लक्षात ठेवावेत.

पहिला साचा वस्तू मागण्याचा: ‘मे आय हॅव...?’ पुढे हवी ती वस्तू ठेवावी: अ टॉवेल, अ ब्लँकेट, अनदर पिलो, सम ड्रिंकिंग वॉटर.

दुसरा काम सांगण्याचा: ‘कुड यू प्लीज...?’ पुढे काम: क्लीन द रूम, चेंज द बेडशीट, कॉल ॲन ऑटो, वेक मी ॲट फाइव्ह.

तिसरा चौकशीचा: ‘इज देअर...?’ पुढे: हॉट वॉटर, अ मेडिकल शॉप निअर हिअर, अ व्हेजिटेरियन रेस्टॉरंट.

चौथा तक्रारीचा: ‘...इज नॉट वर्किंग.’ आरंभी बिघडलेली वस्तू: द फॅन, द गीझर, द लाइट, द लॉक.

या चार साच्यांवर लहान मुलांच्या पाढ्यांसारखी घोकंपट्टी केली, तर आठवड्याभरात ते जिभेवर बसतात. उत्तर समजले नाही तर मान डोलावून वेळ मारून नेऊ नये. ‘प्लीज से इट स्लोली’ असे म्हणावे.

भिंतींवरच्या पाट्याही वाचता याव्यात. ‘पुश’ म्हणजे ढकला, ‘पुल’ म्हणजे ओढा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी दाराबाहेर अडकवली की खोली झाडायला कोणी येत नाही. ‘एक्झिट’ आणि ‘फायर एक्झिट’ या पाट्या मात्र पहिल्याच दिवशी शोधून ठेवाव्यात, आणि तो जिना कुठे उतरतो तेही एकदा जाऊन पाहावे.

बिल

‘टॅरिफ’ म्हणजे दर. त्यापुढे ‘प्लस टॅक्सेस’ लिहिले असेल तर कर वेगळा, ‘इन्क्लुझिव्ह’ लिहिले असेल तर करासह. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजी 7,500 रुपयांपर्यंत भाड्याच्या खोलीवर वस्तू व सेवा कर 5 टक्के झाला आहे. त्यापूर्वी तो 12 टक्के होता. म्हणजे 1,500 रुपयांच्या खोलीला 75 रुपये कर धरून 1,575 रुपये होतात. कुणी अजून जुन्या दराने आकारणी केली, तर ‘प्लीज चेक द टॅक्स’ एवढे शांतपणे म्हणावे.

‘सर्व्हिस चार्ज’ हा कर नव्हे. तो आपोआप बिलात लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी दिली, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तो देणे ग्राहकाच्या खुशीवर आहे. नको असेल तर ‘प्लीज रिमूव्ह द सर्व्हिस चार्ज’ असे म्हणता येते. ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणजे फुकट. खोलीतल्या पाण्याच्या बाटलीवर हा शब्द आहे का, ते बाटली फोडण्यापूर्वी पाहावे.

सातासमुद्रापलीकडे

लेकीकडे अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी चार शब्द. तिथे लिफ्टला ‘एलेव्हेटर’ म्हणतात. आपला तळमजला तो तिथला ‘फर्स्ट फ्लोअर’, आणि आपला पहिला मजला तो ‘सेकंड फ्लोअर’. रेस्टॉरंटमध्ये बिलाला ‘चेक’ म्हणतात. ते बँकेचा धनादेश मागत आहेत असे समजून गोंधळू नये. ‘रेस्टरूम’ म्हणजे विश्रांतीची खोली नसून स्वच्छतागृह. ‘पार्सल’ म्हटले तर टपालाचे पुडके समजतील. बांधून न्यायचे असेल तर ‘टू गो’ म्हणावे. फ्रान्स किंवा स्पेनमध्ये उतरण्याचा योग आला, तर न्हाणीघरात सावध असावे: इंग्रजीत ‘सी’ अक्षराचा नळ थंड पाण्याचा, पण त्या दोन भाषांत तेच अक्षर गरम पाण्याच्या शब्दाचे आहे.

मध्यरात्रीचे इंग्रजी

आतापर्यंतचे सारे सोयीचे होते. आता जे सांगतो ते जिवाचे आहे.

आमच्या परिचयातील एक वृद्ध जोडपे काही वर्षांपूर्वी तपासण्यांसाठी हैदराबादला एका लॉजमध्ये उतरले होते. रात्री दोनच्या सुमाराला यजमानांच्या छातीत कळ आली. बाईंनी फोन उचलला आणि होते नव्हते तेवढे इंग्रजी गोळा करून म्हटले, ‘हजबंड... पेन... पेन!’ पलीकडच्या मुलाने ‘ओके मॅडम’ म्हटले. पाच मिनिटांनी दार वाजले. दारात रूमबॉय उभा, आणि त्याच्या हातात लिहायचे पेन! बाईंनी त्याला हात धरून आत ओढले, पलंगाकडे बोट दाखविले, तेव्हा तो धावत सुटला. गाडी आली, उपचार वेळेत झाले, आणि गृहस्थ आज हिंडतेफिरते आहेत. ऐकणारे या गोष्टीला हसतात. परंतु ती पाच मिनिटे कशी गेली असतील, हे त्या बाईंनाच ठाऊक.

यातली खरी चुटपूट लावणारी गोष्ट निराळीच. त्या बाईंचे बालपण आदिलाबादच्या बाजारगल्लीत गेले आहे. दखनी त्यांच्या जिभेवर पाण्यासारखी वाहते. ‘इनके सीने में दर्द हो रा, जल्दी आओ’ हे वाक्य त्यांना अर्ध्या झोपेतही सुचले असते, आणि त्या मुलाला ते लगेच कळलेही असते. पण हॉटेलच्या फोनवर इंग्रजीच बोलायचे असते, या समजुतीने त्यांच्या तोंडातली जिवंत भाषा ऐन वेळी परतवून लावली. अडवणूक झाली ती इंग्रजी न येण्याने नव्हे, तर न येण्याच्या संकोचाने.

म्हणून संकटकाळचा नियम असा ठेवावा: जी भाषा प्रथम ओठांवर येईल ती बोलावी. इंग्रजी बोलायचेच असेल तर वाक्य जुळवीत बसू नये. आधी खोलीचा क्रमांक, मग काय झाले, मग काय हवे. ‘रूम टू झिरो फोर. चेस्ट पेन. डॉक्टर, अर्जंट!’ ‘दोनशे चार’ हा आकडा सुटा सुटा सांगावा, म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. ‘पेन’ या शब्दाआधी अवयवाचे नाव घ्यावे: चेस्ट पेन, स्टमक पेन. नुसते पेन म्हटले तर काय येते, ते आपण पाहिलेच.

खोलीत शिरताच दोन कामे करावीत. ‘व्हॉट नंबर डू आय डायल फॉर रिसेप्शन?’ असे विचारून तो आकडा कागदावर लिहून फोनपाशी ठेवावा. आणि स्वतःच्या मोबाइलवरून 108 लावला तर तेलंगणात रुग्णवाहिका येते, 112 लावला तर पोलीस, आग व वैद्यकीय या सर्व मदतींचा मार्ग खुला होतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा एखाद्या औषधाची बाधा आहे, त्यांनी ती माहिती इंग्रजीत एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावी. ती चिठ्ठी बोलू न शकणाऱ्या माणसाच्या वतीने बोलते.

सराव कसा करावा

पुस्तके पुष्कळ आहेत, वर्गही आहेत. आमच्या मते सर्वांत चांगला वर्ग घरातच भरतो. जेवणानंतर नातवाने काउंटरवरचा साहेब व्हावे, आजीने प्रवासी व्हावे. एका दिवशी खोली मागावी, एका दिवशी गीझरची तक्रार करावी, एका दिवशी बिल तपासावे. आजी अडखळली तर नातवाने हसू नये, आणि नातू हसलाच तर आजीने त्याला ‘मोळी’, ‘नांगर’, ‘दळण’ यांचे अर्थ विचारावेत. विद्येची देवघेव दोन्ही अंगांनी झालेली बरी.

मराठीखेरीज आपल्या जवळच्या इतर भाषांचाही मान ठेवावा. हैदराबादच्या साध्या लॉजवर ‘रूम उंदा?’ असे विचारणारा माणूस, किंवा ‘मंचि नीळ्ळु’ म्हणून पिण्याचे पाणी मागणारी बाई, अडखळत्या इंग्रजीपेक्षा अधिक आपलेपणाने वागवली जाते, असा आमचा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. जिथे तेलुगू चालते तिथे तेलुगू, जिथे दखनी चालते तिथे दखनी, आणि जिथे या दोन्हींचे हात टेकतात तिथे इंग्रजी. प्रवासाच्या पिशवीत जशी छत्री असते, तशी ही भाषा बरोबर असावी. पाऊस नसताना ती उघडून मिरवू नये, आणि पाऊस आला तर ती उघडायला लाजूही नये.